मंत्रचळ आणि त्वचा: धुऊन फाटलेले हात, खरवडून झालेल्या जखमा यांवर उपचार कोणत्या क्रमाने करावेत

मलमाने आठवडाभरात भेगा भरून येतात आणि पुढच्या पंधरवड्यात हात पुन्हा पहिल्यासारखे फाटतात. मग डॉक्टर बदलतो, मलम बदलतं, साबण बदलतो. दिवसातून तीस-चाळीस वेळा होणारं धुणं मात्र तसंच राहतं, कारण ते त्वचेच्या दवाखान्यात कुणी सांगितलेलंच नसतं. उलट टोकही तितकंच नेहमीचं. धुणं हा मंत्रचळ आहे, म्हणजे ओसीडी आहे (नको असलेले विचार आणि ते शमवायला पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती), हे घरच्यांना कळतं. एका सकाळी ते साबण लपवतात, दोन दिवस रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या पावडरीने हात धुतले जातात.

दोन्हीकडे चुकतो तो क्रम. खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण बहुतेकांचं गाडं तेच गाळल्यामुळे अडतं.

टप्पा १. प्रकार ओळखा

मंत्रचळाशी जोडलेल्या त्वचेच्या तक्रारींचे दोन मोठे गट आहेत आणि त्यांचे मानसोपचार वेगवेगळे आहेत.

पहिल्या गटात मुळाशी भीती असते. घाण लागली, जंतू लागले, विटाळ झाला, माझ्यामुळे बाळ आजारी पडेल, असा विचार येतो. धुतलं की काही मिनिटं बरं वाटतं आणि विचार परत येतो. इथे त्वचेचा आजार हा धुण्याचा परिणाम असतो. पंजांची मागची बाजू, बोटांची पेरं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठीखालची जागा आधी बिघडते. नीट पाहिलं तर मनगटाच्या वर एक रेघ दिसते. रेघेच्या खाली लालसर, चकचकीत, सालपटं निघणारी कातडी, वर नेहमीची. हात जिथपर्यंत धुतला जातो तिथे ती रेघ असते. सतत अंग घासणाऱ्यांत हेच मांड्या, पोट, जननेंद्रियांभोवती दिसतं, पण तिथलं कुणी दाखवत नाही.

दुसऱ्या गटात भीती नसते, हाताला लागलेला चाळा असतो: त्वचा खरवडणं, खपल्या काढणं, केस उपटणं, नखं आणि नखांकडेची कातडी खाणं, ओठांची सालपटं ओढणं. आधी ताण, कंटाळा किंवा बोटाला लागलेला खडबडीतपणा; नंतर सुटल्यासारखं वाटणं आणि मग शरम. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत त्वचा खरवडणं आणि केस उपटणं हे ओसीडीच्याच प्रकरणात, पण स्वतंत्र आजार म्हणून नोंदले आहेत. खुणाही वेगळ्या: जखमा हात पोचेल तिथेच, पाठीचा मधला भाग स्वच्छ, आणि एकाच वेळी ताज्या, खपली धरलेल्या, भरलेल्या जखमा शेजारी शेजारी. अंगठ्याच्या नखावर मधोमध शिडीसारख्या आडव्या खाचा दिसल्या तर त्या बहुधा कॅल्शियम कमी पडल्याच्या नसतात. नखाच्या मुळाशी दुसऱ्या बोटाने सतत चोळल्याने त्या पडतात.

केसांच्या बाबतीत गल्लत होते ती चाईशी. चाईत गोल, गुळगुळीत, तुळतुळीत चट्टा पडतो. उपटलेल्या जागी आखूड, लांब, मधेच तुटलेले असे असमान केस हाताला खुंटासारखे लागतात. ही तपासणी घरीच होते, आणि ती न केल्याने लोक महिनोन् महिने चाईची औषधं लावत बसतात.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हात तिकडे जाण्याआधी मनात एखादी भीती असते का? ती कृती केली नाही तर काही वाईट घडेल असं वाटतं का? की भीती नसतेच, नुसती ओढ असते किंवा हात कधी तिकडे गेला हेच कळत नाही? पहिल्या दोन्हींना हो असेल तर तुमच्यासाठी टप्पा ५, तिसऱ्याला हो असेल तर टप्पा ६. दोन्ही प्रकार एकाच माणसात असू शकतात. तेव्हा दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा.

*इशारा:* आधी खाज आणि मग खाजवणं असा क्रम असेल, त्यातही खाज रात्री वाढत असेल आणि घरात आणखी कुणाला असेल, तर आधी खरूज तपासा. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत यांचे आजार आणि लोह कमी असणं यांतही अंगभर खाज येते. त्वचेखाली किडे फिरतात अशी ठाम खात्री असेल, डबीत नमुने गोळा केले जात असतील, तर तो वेगळा आजार आहे आणि हा लेख त्यासाठी नाही. थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा. चेहऱ्यातला इतरांना न दिसणारा दोष तासन् तास आरशात पाहणं हेही ओसीडीच्या कुळातलं, पण स्वतंत्र दुखणं आहे. त्यात लेझर आणि केमिकल पीलवर खर्च करण्याआधी मनाचा डॉक्टर पाहावा, कारण अशा उपचारांनी समाधान क्वचितच होतं.

टप्पा २. सात दिवस फक्त नोंद

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. साबण तोच, सवय तीच. एक छोटी वही किंवा फोनमधली एक टिपण पुरे.

धुण्याची नोंद अशी: वेळ, कशामुळे धुतलं, किती मिनिटं, आणि थांबलात कशावर. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. डाग गेला म्हणून थांबलात, ठरलेला आकडा पूर्ण झाला म्हणून, की "आता बरोबर वाटलं" म्हणून? पुढचा उपचार यावरच उभा राहतो. जोडीला साबणाचा हिशेब ठेवा. वडी किंवा हँडवॉशची बाटली ज्या दिवशी उघडली ती तारीख तिच्यावरच लिहा. माणूस धुण्याचे आकडे विसरतो किंवा कमी सांगतो. बाटली किती दिवस पुरली यात तसं होत नाही.

खरवडण्याच्या नोंदीत जागा, वेळ आणि बसण्याची ढब लिहा. आरशासमोर ठरवून झालं, की वाचताना, गाडीत, फोनवर बोलताना नकळत? आधी डोळ्यांना काही दिसलं की बोटाला लागलं? काढलेल्या खपलीचं, केसाचं पुढे काय केलं? हा प्रश्न विचारायला अवघड जातो, पण विचारायलाच हवा. केस गिळले जात असतील तर पोटात त्यांचा गोळा होतो. पोट दुखणं, उलट्या, थोडं खाऊन पोट भरणं, वजन उतरणं यांतलं काही असेल तर आधी पोटाचा डॉक्टर, बाकी सगळं नंतर.

फोटो आठवड्यातून एकदाच, खिडकीच्या उजेडात, त्याच अंतरावरून. रोज काढलेला फोटो हा तपासत राहण्याचा नवा बहाणा होतो.

*तपासा:* नोंद नीटनेटकी व्हावी म्हणून पान फाडून पुन्हा लिहिलं जातंय का? तसं असेल तर वाक्यं सोडा, नुसत्या उभ्या रेघा मारा.

टप्पा ३. त्वचेला आधार: वस्तू बदला, आकड्यांशी भांडू नका

निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, पीएच (आम्लता मोजणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ४.५ ते ५.५. साबणाची नेहमीची वडी ९ ते १० च्या आसपास. त्वचेच्या वरच्या थरात पेशींना धरून ठेवणारी चरबी असते. गरम पाणी आणि साबण ती दर वेळी थोडी धुऊन नेतात, आणि ती परत तयार व्हायला वेळ लागतो. दोन धुण्यांत वीस मिनिटांचं अंतर असेल तर तो वेळ मिळतच नाही. मग भेगा पडतात, भेगांत साबण झोंबतो, आणि झोंबलं की मंत्रचळाला वाटतं जंतू आत गेले. म्हणून पुन्हा धुणं. हे चक्र आधी सैल केलं नाही तर टप्पा ५ मधला सराव वेदनेपुढे टिकत नाही. त्वचा आधी घेण्याचं कारण एवढंच आहे.

पाणी फार तर कोमट. गिझरचा नळ हात धुण्यासाठी बंदच ठेवा. भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फिनेल, पाण्यात टाकलेलं डेटॉल यांपैकी काहीही त्वचेवर नको. त्याऐवजी सिंडेट प्रकारची, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी किंवा बिनवासाचं द्रव क्लेन्झर घ्या. पंपाची बाटली चांगली, कारण "एक दाब" हे माप ठरवता येतं. अंगठी काढून ठेवा, तिच्याखाली साबण साचतो. धुतल्यावर पंच्याने घासू नका, टिपा, आणि बेचक्या वेगळ्या टिपा. हात किंचित ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, जाड क्रीम लावा: ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेतल्या चरबीचाच एक घटक) असलेलं, बिनवासाचं. एक बेसिनपाशी, एक उशापाशी, एक ऑफिसच्या बॅगेत. कपाटात ठेवलेलं क्रीम लावलं जात नाही.

रात्रीचा उपाय सगळ्यांत कामाचा आहे. हात साध्या कोमट पाण्यात २० मिनिटं बुडवून ठेवा, हलकेच टिपा, लगेच पेट्रोलियम जेलीचा थर द्या आणि वर सुती हातमोजे घालून झोपा. भेगा खोल असतील तर पाच-सहा रात्रींत फरक दिसू लागतो. युरिया असलेली क्रीमं भेगा बुजल्यावरच. उघड्या भेगेत युरिया झोंबतो आणि माणूस क्रीमच सोडून देतो. लिंबू, तुरटी, टूथपेस्ट, चुना यांना हात लावू नका. खोबरेल तेल न फाटलेल्या त्वचेला चालतं, पण जाड मलमाची जागा घेत नाही.

पुण्यात राहत असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, तेव्हा दिवसातला क्रीमचा एक थर वाढवा. सोसायटीला बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर साबणाला फेस येत नाही, म्हणून जास्त घेतला जातो आणि त्याचा चिकट थर कातडीवर राहतो. क्लेन्झरवर जाण्याचा फायदा इथे दुप्पट. पावसाळ्यात मात्र उलटं. सतत ओल्या राहिलेल्या बेचक्या पांढुरक्या, चिखल्यांसारख्या होतात आणि तिथे बुरशी धरते. अशा जागी जेलीचा थर देऊ नका, कोरडं ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

खरवडलेल्या जखमांबाबत घरोघरी एकच सल्ला मिळतो: उघडी ठेव, खपली धरू दे. या आजारात तो सल्ला घातक आहे, कारण कोरडी, कडक, कड उचललेली खपली हेच बोटाचं सगळ्यांत मोठं आमिष. जखम दिवसातून एकदा साध्या पाण्याने धुवा, जेलीचा पातळ थर द्या, वर पट्टी लावा. ओलसर जखम खपलीशिवाय भरते. छोट्या जखमांना हायड्रोकोलॉइडचे, म्हणजे ओलावा धरून ठेवणारे चिकट पॅच चालतात. ते कडेने सुटेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, तसेच राहू द्यायचे. खाली काय झालं ते पाहायला उचलायचे नाहीत. पू असलेल्या जखमेवर ते लावू नका.

आपल्या रंगाच्या त्वचेवर जखमेचा काळपट डाग महिनोन् महिने राहतो. तो डाग आहे, जखम नाही, आणि खरवडून जात नाही. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. उजळपणाची क्रीमं नकोत.

*इशारा:* मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं लावू नका. पहिल्या आठवड्यात जादू वाटते, पुढे कातडी पातळ होते, आणि बुरशी असेल तर ती लपून पसरते. डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलंच तर माप विचारून घ्या. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ते एका पंजाच्या दोन्ही बाजूंना पुरतं.

*तातडीने दाखवा:* पसरत जाणारी लाली, गरम लागणं, ठणका, पू, वर चढणारी लाल रेघ, ताप. नखुरडं झालं असेल तर सुईने टोचू नका.

टप्पा ४. दोन्ही डॉक्टर, एकाच पंधरवड्यात

आधी त्वचा बरी होऊ दे, मग मनाचं बघू, असं ठरवलं की मनाचं कधीच बघितलं जात नाही. म्हणून दोन्ही भेटी एकत्र ठरवा. पुण्यातल्या ससूनसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचा आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. खासगीत गेलात तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा. डॉक्टरांची पदवी त्वचेसाठी एम.डी. किंवा डी.डी.व्ही.एल., मनासाठी एम.डी. किंवा डी.पी.एम. आहे का ते पाहा. थेरपी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे घेणार असाल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का ते विचारा. आणखी एक थेट प्रश्न विचारा: "तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का?" (ईआरपी म्हणजे भीतीला सामोरं जाऊन धुणं अडवण्याचा सराव, टप्पा ५.) "आपण बोलू, मन मोकळं करू" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे जा. नुसत्या बोलण्याने धुणं थांबत नाही.

त्वचेच्या डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य पाठ करून जा: "मी दिवसातून अमुक वेळा हात धुते, ते मला थांबवता येत नाही, त्यामुळे हे झालंय." किंवा, "या जखमा मी स्वतः करतो." शरमेने हे गिळलं गेलं की ॲलर्जी आणि बुरशी यांच्या औषधांचे फेरे सुरू होतात. खरोखर ॲलर्जीची शंका असेल तर डॉक्टर पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या त्वचेवर लावून पाहणं) सांगतील, बुरशीची असेल तर खरवड तपासतील. सात दिवसांची वही आणि साबणाचा हिशेब सोबत न्या. मानसोपचारात बहुधा वाय-बॉक्स ही ओसीडीची तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरली जाते. तिचे गुण ० ते ४०, त्यात १६ पासून मध्यम आणि २४ पासून तीव्र मानतात. तुमचा आकडा लिहून ठेवा, तीन महिन्यांनी लागेल.

औषधांत बहुधा एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या) गटातली असतात: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुव्हॉक्सामिन, एस्सिटॅलोप्रॅम. ओसीडीत ती नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून गोळी सोडणं ही इथली सगळ्यांत महागात पडणारी चूक. बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. खरवडणं आणि केस उपटणं यांत या गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो; तिथे एन-ॲसिटिल सिस्टीन या औषधाच्या २००९ आणि २०१६ सालच्या चाचण्यांत काहींना फायदा दिसला. दुकानातून परस्पर आणू नका, डॉक्टरांशी बोला.

लोक काय म्हणतील म्हणून थांबला असाल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त राखण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. पहिली भेट ठरेपर्यंत बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

टप्पा ५. धुण्यावर काम: भीतीला सामोरं जा, धुणं अडवा

याला ईआरपी म्हणतात. तीव्र आजारात थेरपिस्टसोबतच करा. सौम्य ते मध्यम असेल तर त्यांच्या सल्ल्याने घरी सराव चालतो. भेगा उघड्या असतील तोवर फक्त घरातल्या वस्तूंवर. कचऱ्याच्या डब्याचा सराव फाटलेल्या हातांनी करू नका.

आधी साध्या धुण्याचा नियम लिहून बेसिनवर लावा: शौचानंतर, जेवणाआधी, स्वयंपाकाआधी, कचरा किंवा बाळाचं लंगोट हाताळल्यावर, डोळ्यांना घाण दिसली तर. एक दाब, २० सेकंद, मनगटापर्यंत, एकदाच. मोजणी चुकली तरी पहिल्यापासून नाही. अल्कोहोलचं सॅनिटायझर धुण्याच्या जागी आणू नका. बाटली बदलते, मंत्रचळ तोच राहतो.

मग दहा प्रसंगांची उतरंड लावा आणि प्रत्येकाला भीतीचे ० ते १०० गुण द्या. उदाहरण म्हणून: घराची कडी २५, घरातली चप्पल हातात धरणं ४०, शहर बसमधला दांडा ५५, मंडईतले सुटे पैसे ६५, सार्वजनिक स्वच्छतागृहाची कडी ८५. सुरुवात तीस-चाळीसच्या पायरीपासून. अगदी सोप्या पायरीने मेंदू काही शिकत नाही, आणि थेट ८५ वर उडी मारली की माणूस पळतो.

चप्पल पूर्ण तळव्याने धरा, नखाच्या टोकाने नाही. मग तोच हात कपड्यांना, फोनला, उशीला लावा. एक "स्वच्छ कोपरा" राखून ठेवला की सगळा सराव वाया जातो. त्यानंतर धुणं नाही, पुसणं नाही, फुंकर नाही, मनात नामस्मरणाने "रद्द" करणं नाही, कुणाला विचारणं नाही. दर दहा मिनिटांनी गुण लिहा. भीती आधी चढते, मग कुणी काही न करता उतरू लागते. कधी अर्ध्या तासात, कधी तासाभरात. ती निम्म्यावर येईपर्यंत किंवा "हे सोसवतंय" असं जाणवेपर्यंत थांबा. तीच पायरी रोज, सुरुवातीचा आकडाच खाली येईपर्यंत. मग पुढची.

सराव चालू असताना जेवणाची वेळ झाली तर? हात धुवा, जेवा, आणि जेवण झाल्यावर पुन्हा चप्पल धरा. हे कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे दिवसभराची मेहनत एका धुण्यात वाहून जाते.

सराव फसतो तो सहसा या जागी: "संध्याकाळी अंघोळ करेनच" असं मनात ठेवून दिवस काढणं, कोरड्या पंच्याने हळूच घासणं, क्रीम घाण काढण्यासाठी म्हणून चोळणं, हातमोजे घालून सराव करणं. क्रीमची चूक बारीक आहे, ती ओळखा. क्रीम धुतल्यानंतर लावायचं, स्पर्शानंतर नाही.

सोवळं, पूजा, पाळी यांच्याशी धुणं जोडलेलं असेल तर घरात वाद होतात. एक कसोटी उपयोगी पडते: घरातली तेच आचार पाळणारी इतर माणसं हे किती वेळात आणि किती वेळा करतात? तेवढं तुमचंही राहू द्या. त्यावरचं सगळं सरावात घ्या.

टप्पा ६. खरवडणं, उपटणं, चावणं: हाताला दुसरं काम

इथे भीतीला सामोरं जाण्याचा सराव निरुपयोगी, कारण भीतीच नाही. इथे सवय उलटवायची असते, आणि ती तीन भागांत.

पहिला भाग जाणीव. कृती शेवटून सुरुवातीकडे उलगडा. केस उपटला, त्याआधी चिमटीत धरला, त्याआधी बोटांनी जाडसर केस शोधला, त्याआधी कोपर टेबलावर टेकलं आणि तळहात कानशिलावर आला. पेठांमधल्या अभ्यासिकेत रात्री उशिरा वाचत बसलेल्या कुणाकडेही पाहा, कोपर टेकलेलं दिसेल. अडवायचं ते तिथे, उपटताना नाही. मनगटावर सैल रबर किंवा बोटाला पट्टी लावली की हात वर जाताना जाणवतो.

दुसरा भाग पर्यायी कृती. अंगठा आत घेऊन मूठ मिटा, कोपर वाकवून कमरेशी दाबा, किमान एक मिनिट. ओढ टिकली तर तीन मिनिटांपर्यंत. कृती अशी हवी की ती करताना खरवडता येणारच नाही आणि चारचौघांत कुणाच्या लक्षात येणार नाही. ओढ सौम्य असतानाही करा. फक्त जोराची ओढ आल्यावर केली तर ती हरते. मण्यांशी खेळणं पुरतं असं अनेकांना वाटतं, पण मोकळा राहिलेला दुसरा हात तोवर हनुवटीवर पोचलेला असतो.

तिसरा भाग आजूबाजूची व्यवस्था. भिंग लावलेला आरसा घराबाहेर. बाथरूममधला आरशावरचा प्रखर दिवा मंद. चिमटा, पिना, ब्लेड दुसऱ्याच्या ताब्यात. नखं दर तीन-चार दिवसांनी कापून कानशीने गुळगुळीत. नकळत होणाऱ्यांनी वाचताना बोटांच्या टोकांना पट्ट्या. आरशासमोर ठरवून होणाऱ्यांनी तोंड धुण्याला दोन मिनिटांचा गजर. मुरमं असतील तर त्यांचा उपचार याच वेळी सुरू करा, म्हणजे बोटाला सापडणारंच कमी होतं. ओठांना जेली दिवसातून सहा-सात वेळा. ओठ चाटणं हेच फाटण्याचं कारण असतं.

*तपासा:* दोन आठवड्यांनी वही पाहा. एकूण वेळ घटला नसेल तर पर्यायी कृती उशिरा सुरू होते आहे. पहिल्या भागाकडे परत जा.

टप्पा ७. घरच्यांनी काय करायचं

"आई, स्वच्छ झालेत ना गं माझे हात?" या प्रश्नाला "हो रे बाळा" म्हणणं हे प्रेम आहे, पण दहा मिनिटांनी तोच प्रश्न येतो. आधी शांतपणे ठरवून घ्या आणि मग एकच उत्तर ठेवा: "हा प्रश्न आजार विचारतोय, त्याला मी उत्तर देणार नाही. तू अस्वस्थ आहेस हे दिसतंय, मी इथेच बसते." न सांगता एके दिवशी उत्तर बंद केलं तर तो छळ वाटतो. त्याच्यासाठी कपडे पुन्हा धुणं, दारं उघडून देणं, वेगळी ताटं ठेवणं हेही एकेक करून, ठरवून कमी करा.

टोमणे, पाण्याचं बिल, नळ बंद करणं, पाहुण्यांसमोर हात दाखवणं यांनी ताण वाढतो, आणि ताण वाढला की धुणं आणि खरवडणं दोन्ही वाढतं. खरवडणाऱ्याला "नको करूस" म्हणण्याऐवजी आधी ठरवलेला एक शब्द हळूच उच्चारा, आणि त्याने मूठ मिटली की तेवढ्याची दखल घ्या.

टप्पा ८. मोजणी आणि घसरण

चार, आठ आणि बारा आठवड्यांनी तीच मोजमापं पुन्हा घ्या: साबणाची बाटली किती दिवस पुरली, रोजची मिनिटं, तोच फोटो, बाराव्या आठवड्यात वाय-बॉक्स. आधी सहसा मिनिटं घटतात, मग त्वचा सुधारते, आणि विचारांचा जोर सगळ्यांत शेवटी ओसरतो. विचार अजून येतात म्हणून उपचार फसला असं समजू नका.

परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण, दिवाळीची साफसफाई या वेळा घसरणीच्या. साफसफाईच्या आठवड्यात फिनेल आणि ब्लीचची कामं दुसऱ्याकडे द्या. ओल्या कामाला आतून सुती, वरून रबरी हातमोजे, एका वेळी वीस मिनिटांपर्यंत. आत घाम धरला की तेच हातमोजे त्वचा बिघडवतात. काम संपलं की ते काढायचे, दाराच्या कडीसाठी ठेवायचे नाहीत.

घसरण झाली तर पहिल्या टप्प्यापासून सुरुवात नको. तीन दिवस नोंद, रात्रीची जेली आणि हातमोजे, आणि उतरंडीवरची शेवटची जमलेली पायरी रोज. दोन आठवड्यांत मिनिटं खाली आली नाहीत, किंवा भेगांतून रक्त येऊ लागलं, तर पुढची तारीख येईपर्यंत न थांबता डॉक्टरांची वेळ घ्या.